स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा आठवडा : पाणी आधी की प्रथिने आधी?

निळाई

नमस्कार.

वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन मला आता तिसरा आठवडा संपत आला आहे. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, जखमा कोरड्या आहेत, ताप आलेला नाही आणि घरातल्या घरात चालणेही सुरू आहे. अडचण आहे ती पिण्याखाण्याची. घरी सोडताना दिलेल्या कागदावर दिवसाला किमान १.५ लिटर द्रव आणि ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात बाटलीवर खुणा करून मोजले, तेव्हा दिवसभरात जेमतेम ९०० मिलिलिटर द्रव पोटात जातो असे दिसले. दोन घोट लागोपाठ घेतले की छातीच्या हाडामागे दाब जाणवतो आणि पुढचा घोट नकोसा होतो. तहान अशी लागतच नाही, त्यामुळे दुपार उलटून गेल्यावर लक्षात येते की सकाळपासून आपण फारसे काही प्यायलेलोच नाही.

प्रथिनांची पावडर दुधात कालवून घ्यावी असे सांगितले होते, पण तिच्या गोडसर वासानेच उमासे येतात. दूध, पातळ दही आणि गाळलेले सूप एवढ्यावर मी आहे, आणि हिशेब केला तर प्रथिने ३५ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. उलटी अधूनमधून होते, रोज नाही. गेल्या काही दिवसांत पलंगावरून उठले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लघवीचा रंगही गडद झाला आहे. मला आधीपासून उच्च रक्तदाब आहे. त्याच्या दोन गोळ्या आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी आहे, आणि दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वीच्याच मात्रेत चालू आहेत.

घरच्यांचे म्हणणे असे की पोटात घट्ट अन्न नाही म्हणून अशक्तपणा आहे, तेव्हा आता मऊ भात किंवा ब्रेड सुरू करावा. भरीला भर म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने उतरलेले वजन गेल्या आठवड्यात जागचे हललेले नाही.

पाणी आणि प्रथिने यांपैकी एकच नीट जमत असेल, तर प्राधान्य कशाला द्यावे? घट्ट अन्न लवकर सुरू केल्याने खरोखर ताकद येते का? आणि पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे, तोवर थांबायला हरकत आहे का? ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा ज्यांना या विषयातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट

निळाई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : थांबू नका. उठल्यावर अंधारी, गडद लघवी, ९०० मिलिलिटर द्रव आणि त्यातच लघवी वाढवणारी गोळी, हे सगळे एकत्र वाचल्यावर बाकीचे प्रश्न मागे पडतात. आजच तुमच्या सर्जनच्या चमूला फोन करा आणि त्या गोळीचा उल्लेख पहिल्या वाक्यात करा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करावी असे मी म्हणत नाही. ती तशीच चालू ठेवायची का, हे दहा दिवसांनी नव्हे तर आज ठरायला हवे. शस्त्रक्रियेनंतर अन्न आणि मीठ दोन्ही एकदम कमी होतात, रक्तदाबही बहुतेकांचा उतरतो, आणि पूर्वीची मात्रा मग जड पडू लागते. मी स्वतः बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया, जिच्यात जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडतात) करून घेतलेला आहे, त्याला आता काही वर्षे झाली, आणि आमच्या मदतगटात दर काही महिन्यांनी कोणीतरी याच कारणाने सलाइनसाठी पुन्हा रुग्णालयात दाखल होते. शरीरातले पाणी कमी होणे हे सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा दाखल होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे.

आता पिण्याबद्दल. १.५ लिटर हा आकडा पाहून दडपण येते, पण तो वेळेत वाटून पाहा. जागेपणीचे १५ तास धरले तर तासाला १०० मिलिलिटर होतात, म्हणजे दर पाव तासाला २५. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या छोट्या पेल्याहूनही हे थोडे कमीच. असा पेला समोर ठेवायचा, घड्याळाचा गजर दर पंधरा मिनिटांनी लावायचा आणि तो पेला एकदम न रिचवता तीन-चार बारीक घोटांत संपवायचा. तहानेवर विसंबून चालत नाही, हे तुमच्या लक्षात आलेच आहे. शिवाय पूर्वी आपल्याला लागणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग अन्नातूनच मिळत असे, आणि तो वाटाही आता जवळजवळ बंद झालेला असतो. म्हणजे पूर्वीइतके पाणी प्यायलो तरी एकूण बेरीज कमीच भरते.

दाब येतो त्याचे कारण बहुतेक वेळा सूज असते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. टाक्यांच्या बाजूने ती पहिले काही आठवडे सुजलेली असते, त्यामुळे तिच्यात दोन मोठे घोट एकामागून एक मावत नाहीत. काहींना थंड पाण्याने कळ येते आणि कोमट पाणी सहज उतरते, तर काहींच्या बाबतीत नेमके उलट असते आणि बर्फाचा खडा चघळलेला बरा वाटतो. साधे पाणी धातूसारखे लागत असेल तर त्यात लिंबाचे दोन-चार थेंब, पुदिन्याचे पान किंवा फिका, बिनसाखरेचा आणि कॅफीन नसलेला चहा चालतो का, ते विचारून घ्या. फसफसणारी पेये मात्र नकोत, कारण आतला वायू त्या अरुंद जागेत फुगतो आणि त्याचा त्रास तासभर पुरतो.

चौकस

माझे मत थोडे वेगळे आहे, तेव्हा मांडून ठेवतो. माझ्या मोठ्या भावाची हीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्याला दिलेला कागद निळाई यांच्या कागदाशी जुळत नाही. त्याला तिसऱ्या आठवड्यातच घोटून मऊ केलेले अन्न दिले होते, जेवताना घोटभर पाणी घेतले तरी चालेल असेही सांगितले होते, आणि त्याला काही झाले नाही. प्रत्येक रुग्णालय वेगळे नियम सांगत असेल, तर त्या नियमांमागे शास्त्र किती आणि सवय किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. स्ट्रॉने प्यावे की पिऊ नये यावर तर मी इतके परस्परविरोधी सल्ले वाचले आहेत की शेवटी मी तो विषय सोडून दिला. घरचे म्हणतात त्याप्रमाणे थोडे घट्ट अन्न घेऊन पाहिले, तर एवढे काय बिघडणार आहे?

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ आहे आणि लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसोबत काम करते. पायवाट यांनी फोन करण्याचा जो सल्ला दिला आहे, तो सर्वांत आधी पाळावा. खालचे सारे त्यानंतरचे.

चौकस यांची शंका रास्त आहे. आहाराचे टप्पे, म्हणजे पहिले एक-दोन दिवस पारदर्शक द्रव, मग दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत सर्व प्रकारचे द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले, त्यानंतर मऊ आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीच्या पोताचे अन्न, हे वेळापत्रक बरेचसे तज्ज्ञांच्या अनुभवावर बेतलेले आहे आणि केंद्रागणिक त्यात आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक पडतो. स्ट्रॉबद्दलही तेच : हवा गिळली जाते म्हणून काही जण नको म्हणतात, तर काही जण त्याच स्ट्रॉमुळे बारीक घोट घेता येतात म्हणून परवानगी देतात. परंतु घोटलेले अन्न आणि ब्रेड यांत मोठे अंतर आहे. तुमच्या भावाला मिळाले ते दह्यासारखे एकजीव अन्न होते. ब्रेड आणि मऊ भात ओलावा शोषून फुगतात, त्यांचा चिकट गोळा होतो आणि सुजलेल्या नळीत तो अडकतो. अडकला की लाळ फेसाळून वर येते, उलटी होते, आणि जिला आधीच पाणी कमी पडते आहे तिचे आणखी पाणी जाते. त्यात प्रथिनेही नगण्य असतात, म्हणजे एवढा त्रास सोसून ताकदीच्या नावाने हाती काही लागत नाही.

प्राधान्याबद्दल निळाई यांनी विचारले आहे. पाणी आधी. प्रथिने काही दिवस कमी पडली तर स्नायूंची थोडी झीज होते आणि ती भरून काढता येते. पाणी दोन-तीन दिवस कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. मात्र या टप्प्यावर तुम्हाला दोन्हींतून एक निवडण्याची फारशी गरज नाही, कारण दूध, सूप, पातळ दही हे सगळे द्रवाच्याही हिशेबात धरायचे असतात. तुम्ही मोजलेल्या ९०० मिलिलिटरमध्ये हे धरले आहे का, ते तपासा. धरले नसेल तर परिस्थिती वाटते त्यापेक्षा थोडी बरी आहे, पण लघवीचा रंग पाहता फोन टाळण्याइतकी बरी नक्कीच नाही.

गोड पावडरीचा तिटकारा फार जणांना येतो. चव आणि वास या दोन्हींची जाण शस्त्रक्रियेनंतर काही काळ बदलते. यावर सरळ उपाय म्हणजे बिनचवीची पावडर घेणे आणि ती गोड पदार्थाऐवजी खारट सुपात मिसळणे. सूप उकळते असताना पावडर घातली तर गुठळ्या होतात, म्हणून ते कोमट झाल्यावर घालावी. पावडर नकोच असेल तर २५० मिलिलिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यातच ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवली तर आणखी साधारण १० ग्रॅमची भर पडते. म्हणजे द्रव फारसा न वाढवता प्रथिने दुपटीहून अधिक. दुधाने पोट गुबारत असेल किंवा जुलाब होत असतील तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी ती साखर जवळजवळ काढून टाकलेली प्रथिनांची पावडर मिळते. कोलॅजेनच्या पावडरीवर मात्र विसंबू नका. तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे डब्यावर छापलेले ग्रॅम पूर्ण प्रथिनांच्या बरोबरीचे ठरत नाहीत.

जेवताना पाणी न पिण्याचा नियम घट्ट अन्न सुरू झाल्यावर महत्त्वाचा होतो. बायपासमध्ये पाण्याबरोबर अन्न लहान आतड्यात घाईने उतरते आणि विशेषतः ते गोड असेल तर घाम, धडधड, पोटात मुरडा असा त्रास होतो, ज्याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये पाणी जागा अडवते आणि प्रथिनांचा घास बाहेर राहतो. म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी घेऊ नये असे सांगितले जाते. भावाला घोटभर पाण्याने काही झाले नाही, यात मला नवल वाटत नाही. पण सवय लागताना घोटाचा पेला कधी होतो, ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण घरी दिलेल्या कागदांवर ती बहुधा शेवटच्या ओळीत असते. ती म्हणजे थायमिन, अर्थात जीवनसत्त्व ब-१. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांहून जास्त पुरत नाही. तुमचा तिसरा आठवडा संपत आला आहे, खाणे कमी आहे आणि मधूनमधून उलटीही होते आहे. थायमिन फार कमी झाले तर चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बुबुळे थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसतात, आणि उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते. रोजच्या जीवनसत्त्वांच्या गोळीत किमान १२ मिलिग्रॅम थायमिन असावे असा सल्ला दिला जातो, आणि धोका जास्त असलेल्यांना ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक देतात. उलटीमुळे गोळ्या टिकत नसतील तर ते इंजेक्शनने द्यावे लागते. सलाइन लावण्याची वेळ आली आणि त्यात ग्लुकोज असेल, तर थायमिन त्याच्या आधी किंवा निदान बरोबर दिले जाते आहे ना, हे बिचकू नका, विचारा. थायमिनविना ग्लुकोज दिल्याने हीच लक्षणे उफाळून येऊ शकतात.

रात्रपाळी

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. आहाराबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी फक्त कोणत्या लक्षणांना फोन न करता थेट रुग्णालय गाठायचे एवढेच लिहिते.

निळाई यांनी ताप नाही असे लिहिले आहे, आणि बहुतेक जण तेवढ्यावर निर्धास्त होतात. आम्ही तापाआधी नाडी पाहतो. शांत बसलेले असताना नाडी मिनिटाला १२० च्या पुढे टिकून राहिली तर ते टाक्यांच्या रेषेतून गळती होत असल्याचे पहिले आणि कधीकधी एकमेव चिन्ह असू शकते. स्लीव्हनंतरची गळती रुग्ण घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही उघडकीस येते. वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात उमटणारी कळ, धाप, थंडी वाजून येणारा ताप यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. पाणी कमी पडल्यानेही नाडी वाढते, त्यामुळे दोन्हींतला फरक घरी बसून ओळखता येत नाही. तो तपासणीनेच कळतो.

दुसरी गोष्ट रक्ताच्या गुठळ्यांची. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक दम लागून छातीत टोचले, तर ती आणीबाणी समजावी. स्लीव्हनंतर क्वचित यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतही गुठळी होते. तिची लक्षणे संदिग्ध असतात, पोटात बोथट दुखत राहते, मळमळते आणि रुग्ण म्हणतो की हे तर शस्त्रक्रियेमुळेच असेल. शरीर कोरडे पडलेले असेल तर या सगळ्याचा धोका वाढतो. दर पाव तासाच्या त्या पेल्याला आमच्या लेखी औषधाइतकीच किंमत आहे.

पोटात पाण्याचा घोटही टिकत नसेल आणि असा अर्धा दिवस गेला असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल, किंवा वर आहारविचार यांनी सांगितलेली तोल जाण्याची आणि दुहेरी दिसण्याची लक्षणे असतील, तरीही तेच करायचे.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल : आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची वेदनाशामके मनाने घेऊ नयेत. बायपासच्या जोडाशी त्यांनी व्रण होतो, स्लीव्हमध्येही ती टाळायला सांगतात, आणि पाणी कमी असताना ती मूत्रपिंडांना अधिकच त्रासदायक ठरतात. ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल सामान्यतः चालते. मोठी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून घेण्याआधी औषध देणाऱ्याला विचारावे, कारण सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की तिचा दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो.

निळाई

सर्वांचे मनापासून आभार. पायवाट यांचे उत्तर वाचून लगेच फोन केला, आणि त्यांनी त्याच दिवशी बोलावून घेतले. उभे राहिल्यावर रक्तदाब बराच खाली जात होता. लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी पूर्ण बंद केली, दुसरीची मात्रा कमी केली, आणि घरी रोज दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितले. पोटाची तपासणी केली, गळतीची शंका घेण्यासारखे काही आढळले नाही. रक्तातले पोटॅशियम कमी होते, सलाइन दिले. थायमिनबद्दल मी विचारले तेव्हा तेथल्या डॉक्टरांनी ते आधीच लिहून ठेवल्याचे दाखवले, त्यामुळे विचारल्याचा संकोच वाटला नाही. आता अंधारी येत नाही. पावडर सुपातून उतरते आहे, तिची चव मला कळतही नाही.

घरच्यांना आहारविचार यांचा ब्रेडबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला, आणि तो विषय तूर्त मिटला आहे.

दोन शंका मात्र शिल्लक आहेत. वजनाचा काटा अजूनही तिथेच आहे. आणि चालण्यापलीकडे व्यायाम कधी, किती करावा? माझे काम बैठे आहे, पण कधीकधी सामान उचलावे लागते.

पायवाट

हे वाचून बरे वाटले.

वजन तिसऱ्या आठवड्याच्या आसपास थांबणे इतके सर्वत्र दिसते की आमच्या गटात नव्या सभासदाला त्याची कल्पना आधीच देऊन ठेवतात. पहिल्या पंधरवड्यात जे झपाट्याने उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. खाणे एकदम कमी झाले की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. तेही निघून जाते. पुढे ही पाण्याची घट थांबते, थोडे पाणी परतही येते, आणि चरबी उतरत असूनही काटा हलत नाही. तुम्हाला तर मधेच सलाइन दिले गेले, तेव्हा या आठवड्यातले वजन पाहण्यात अर्थच नाही. मी आठवड्यातून एकदाच काट्यावर उभा राहत असे आणि कमरेचे माप वेगळे लिहीत असे. रोज काटा पाहणाऱ्यांपैकी काही जण घाबरून खाणे आणखी कमी करतात, आणि सर्वांत आधी कमी होतात ती प्रथिने.

सामान उचलण्याबद्दल तुमच्या सर्जनचा शब्द अखेरचा. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे पाच-सहा किलोंपेक्षा जड काही उचलू नये असे सांगतात, कारण दुर्बिणीतून केलेल्या छिद्रांच्या जागी अंतर्गळ (हर्निया) होऊ शकतो. तोवर चालणे, तेही एकदम लांब न चालता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे. परवानगी मिळाली की हलक्या वजनांचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम जरूर सुरू करा. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि नुसत्या चालण्याने ते टिकत नाहीत. पुढे आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे जे प्रमाण सर्वांना सांगतात, तेच आपल्यालाही लागू होते.

तुम्ही विचारले नाही, पण तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान केस गळू लागले तर दचकू नका. शस्त्रक्रियेचा ताण आणि वजनातली झपाट्याची घट यांमुळे बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकदम गळतात. मुळे शाबूत असतात आणि केस परत येतात. वर्षभरानंतरही गळती चालूच राहिली तर मात्र लोह, जस्त आणि प्रथिने तपासून घ्यावीत. याच काळात पित्ताशयात खडे होण्याचीही शक्यता वाढते. ते टाळण्यासाठी काही केंद्रे पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात. तुमच्या यादीत ती नसेल तर पुढच्या भेटीत विचारा.

चौकस

ब्रेडबद्दलचा खुलासा पटला. भावाने पहिल्या वर्षानंतर रक्ततपासण्या सोडून दिल्या आहेत, कारण त्याला काहीच त्रास नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही तो आठवण झाली तर घेतो. स्लीव्हमध्ये आतडे वळवलेले नसते, मग एवढी काळजी लागते का?

आहारविचार

लागते. आतडे जागच्या जागी असले तरी जठराचा जो भाग काढला त्यातच आम्ल आणि ब-१२ शोषले जाण्यासाठी लागणारा घटक तयार करणाऱ्या बहुतांश पेशी होत्या, आणि खाण्याचे एकूण प्रमाणही कायमचे घटलेले असते. ब-१२ चा यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघड होते, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोवर मज्जातंतूंना इजा सुरू झालेली असते. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि त्यानंतर आयुष्यभर वर्षातून एकदा रक्त तपासावे : हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), ब-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक. शेवटची तपासणी बहुधा गाळली जाते. पण रक्तातले कॅल्शियम ठीक दिसत असतानाही हाडांतून ते झिजते आहे का, हे तिच्यावरूनच कळते.

निळाई, तुम्हाला मूल हवे असण्याची शक्यता असेल तर गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलायला सांगतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता अनपेक्षितपणे वाढते, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार आधीच करून ठेवावा.

गोळ्यांच्या वेळांबद्दल इतकेच की कॅल्शियम सायट्रेटच्या रूपातले घ्या, कारण ते शोषले जाण्यासाठी आम्लाची गरज भासत नाही. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम एकदम न घेता ५०० ते ६०० च्या हप्त्यांत विभागा, आणि कॅल्शियम व लोह यांच्यात किमान दोन तास जाऊ द्या. भावालाही हेच सांगा. ब-१२ आणि फेरिटिन मात्र त्याने याच महिन्यात तपासून घ्यावे.